मनोऱ्यावरचे शब्द : डिजिटल मायक्रोवेव्हच्या परिभाषेचा इतिहास

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, की आता तासभर शब्दकोश वाचून दाखवणार. तसं काही नाही. डोंगरावर लोखंडी मनोरा, त्यावर ढोलासारखा किंवा परातीसारखा अँटेना, आणि तीस-चाळीस किलोमीटरवर दुसऱ्या डोंगरावर तसाच मनोरा, हे दृश्य आपण सगळ्यांनीच प्रवासात पाहिलेलं आहे. या दोन मनोऱ्यांमध्ये जे चालतं त्याबद्दल बोलायला अभियंत्यांना शे-दीडशे शब्द लागतात. हॉप, रिपीटर, फेडिंग, मार्जिन, डेसिबल, बॉड, बिट, कॉन्स्टेलेशन. हे शब्द कुणी एका बैठकीत ठरवलेले नाहीत. काही घोड्यांच्या डाकेतून आले, काही प्रकाशशास्त्रातून, काही तारायंत्राच्या काळातून. १९७०च्या दशकात ही यंत्रणा ॲनालॉगची डिजिटल होऊ लागली, तेव्हा खोकी बदलली पण शब्द बरेचसे तेच राहिले. त्यातल्या एका शब्दाने चांगल्या चांगल्या अभियंत्यांना चकवलं. आज आपल्याला त्या शब्दापर्यंत पोहोचायचं आहे. वाट जरा वळणाची आहे, पण वळणं पाहण्यासारखी आहेत.

सुरुवात नावापासूनच करू. मायक्रोवेव्ह हे नाव तसं फसवं आहे. मेट्रिक पद्धतीत 'मायक्रो' म्हणजे दहालाखावा भाग. म्हणून विद्यार्थ्यांना वाटतं, की या लहरींची लांबी मायक्रोमीटरमध्ये असेल. प्रत्यक्षात ६ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ५ सेंटिमीटर असते, म्हणजे साधारण आगपेटीएवढी. मग तिला सूक्ष्म का म्हणायचं?

याचं उत्तर काळात आहे. १८९५च्या सुमारास कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी काही मिलिमीटर लांबीच्या लहरी तयार करून दाखवल्या होत्या. भिंतीपलीकडे घंटा वाजवली, बंदुकीची दारू पेटवली. पण त्यांनी त्यांना सूक्ष्म वगैरे काही म्हटलं नाही. त्यांच्या लेखांत शब्द येतो तो 'विद्युत्-किरण' या अर्थाचा. किरण हा शब्द त्यांनी विचार करून वापरलेला दिसतो, कारण प्रकाश जसा वाकतो, परावर्तित होतो, ध्रुवित होतो, तसंच या लहरीही वागतात हे त्यांना दाखवायचं होतं. लहरी गोळा करायला त्यांनी जे कर्ण्यासारखं तोंड लावलं होतं, त्याला त्यांनी सरळ 'फनेल', म्हणजे नरसाळं, असं नाव दिलं. आज त्याच आकाराला हॉर्न अँटेना म्हणतात. आम्हाला विचाराल तर नरसाळं हे नाव जास्त नेमकं होतं. स्वयंपाकघरातल्या वस्तूचं नाव असलं, की तिचं काम वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पुढे ३१ मार्च १९३१ला इंग्लिश खाडीच्या दोन तीरांवर, डोव्हर आणि कॅले यांच्या जवळ, आंद्रे क्लाव्हिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १८ सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर टेलिफोन संभाषण करून दाखवलं. अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास, प्रक्षेपणाची शक्ती फक्त अर्धा वॅट, हातातल्या टॉर्चच्या बल्बएवढी. या प्रयोगालाही नाव होतं 'मायक्रो-रे', म्हणजे पुन्हा किरणच. पुढच्याच वर्षी इटलीच्या नेल्लो कारारा यांच्या एका लेखाच्या शीर्षकात 'मायक्रोवेव्ह' हा शब्द दिसतो. त्या काळी रेडिओवाल्यांची शॉर्टवेव्ह, म्हणजे आखूड लहर, दहा ते शंभर मीटरची असायची. शंभर मीटरला आखूड म्हणणाऱ्याला १८ सेंटिमीटर सूक्ष्मच वाटणार. मराठीत 'सूक्ष्मतरंग' हा शब्द रुळला, पण तो करताना भाषांतर उपसर्गाचं झालं, त्यामागची तुलना मात्र गळून गेली.

शॉर्टवेव्हचा विषय निघालाच आहे तर जाता जाता एक गोष्ट सांगतो. १९२७मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यात शॉर्टवेव्हवर बीम वायरलेस सेवा सुरू झाली. तिची भारताकडची केंद्रं होती खडकी आणि दौंड. बीम म्हणजे झोत. सगळीकडे लहरी उधळण्यापेक्षा एका दिशेने झोत टाकायचा, ही कल्पना पुढे मायक्रोवेव्हमध्ये टोकाला गेली. पुणे-दौंड लोकलने जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल, कोण जाणे.

आता मनोऱ्यांच्या रांगेकडे येऊ. मायक्रोवेव्ह झोत जवळजवळ सरळ जातो आणि पृथ्वी गोल आहे. त्यामुळे दर तीस-चाळीस किलोमीटरवर तो पकडून पुन्हा पुढे पाठवावा लागतो. या व्यवस्थेला इंग्रजीत 'रेडिओ रिले' म्हणतात. रिले हा मूळचा शब्द शिकारीतला आणि प्रवासातला. वाटेत ताज्या दमाचे कुत्रे किंवा घोडे तयार ठेवायचे आणि दमलेले बदलायचे. आपल्याकडची डाकचौकी म्हणजे तेच. स्वार आला, घोडा बदलला, थैली पुढे गेली. रिले हा शब्द आधी तारायंत्रात आला आणि तिथून मायक्रोवेव्हमध्ये. दोन मनोऱ्यांमधल्या अंतराला हॉप म्हणतात. मराठीत त्याला 'टप्पा' हा शब्द अगदी चपखल बसतो. टप्पा म्हणजे प्रवासाचा मुक्काम, आणि चेंडूची उडीसुद्धा. दोन्ही अर्थ इथे चालतात. असा तयार शब्द हाताशी असताना आपले तंत्रज्ञ 'हॉप'च म्हणतात, हा भाग वेगळा.

१९४७मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क ते बोस्टन अशी रिले साखळी प्रायोगिक तत्त्वावर चालू झाली. १९५१च्या ऑगस्टमध्ये अख्खा खंड ओलांडणारी साखळी पूर्ण झाली, तिच्यात १०७ मनोरे होते. सप्टेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतलं अध्यक्ष ट्रूमन यांचं भाषण याच वाटेने पूर्व किनाऱ्यावरच्या टेलिव्हिजनवर दिसलं. आपल्याकडे पहिला मायक्रोवेव्ह मार्ग १९६५मध्ये कोलकाता ते आसनसोल असा सुरू झाला.

मनोरा किती उंच हवा, या हिशोबात दोन शब्द येतात आणि दोन्हींच्या मागे माणसं आहेत. पहिला शब्द 'फ्रेनेल झोन'. ऑगस्तँ फ्रेनेल हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे फ्रेंच अभियंता, दीपगृहांच्या भिंगांसाठी प्रसिद्ध झालेले. त्यांनी रेडिओचं नावही ऐकलेलं नव्हतं. प्रकाश ही लहर आहे हे गणिताने दाखवताना त्यांनी मार्गाभोवतीच्या पट्ट्यांचा हिशोब मांडला. शंभर वर्षांनी तोच हिशोब मनोऱ्यांच्या कामाला आला. दोन अँटेना एकमेकांना दिसले म्हणजे झालं, असं नसतं. झोताला आजूबाजूला मोकळी जागा लागते. ६ गिगाहर्ट्झवर ४० किलोमीटरच्या टप्प्याच्या मध्यावर पहिल्या फ्रेनेल पट्ट्याची त्रिज्या सुमारे २२ मीटर भरते. म्हणजे दुर्बिणीतून समोरचा मनोरा स्वच्छ दिसत असला, तरी मध्ये एखादी टेकडी दृष्टिरेषेच्या जेमतेम खाली आली तर सिग्नल खाणारच.

दुसरा शब्द म्हणजे नुसतं 'के' हे अक्षर. हवा जमिनीजवळ दाट आणि वर विरळ असते, म्हणून झोत किंचित खाली वाकतो आणि पृथ्वीच्या गोलाईबरोबर थोडा जास्त लांब जातो. वाकडा झोत कागदावर काढणं कटकटीचं काम. १९३३मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या शेलेंग, बरोज आणि फेरेल यांनी एक युक्ती मांडली. झोत सरळच काढा आणि त्याऐवजी पृथ्वीच थोडी मोठी माना, तिची त्रिज्या चार-तृतीयांश पट करा. म्हणजे आपल्या सोयीसाठी पृथ्वी फुगवायची! ही युक्ती इतकी कामाची निघाली, की आजही टप्प्याचा आराखडा काढताना 'के बरोबर चार-तृतीयांश' हीच सुरुवात असते. ४० किलोमीटरच्या टप्प्याच्या मध्यावर पृथ्वीचा खरा फुगवटा सुमारे ३१ मीटर असतो. या हिशोबाने तो २३-२४ मीटर धरावा लागतो. पण एखाद्या रात्री हवेचे थर उलटे लागले, की के बदलतो, आणि काल मोकळी असलेली टेकडी आज आडवी येते. म्हणून अनुभवी माणसं चार-तृतीयांशवर विसंबून राहत नाहीत. के कमी धरूनही तपासून पाहतात.

आता डेसिबल. आपल्या मुख्य शब्दाचा पाया यातच आहे. टेलिफोनच्या आरंभीच्या काळात अमेरिकेत आवाज किती मंदावला हे सांगायला 'मैलभर प्रमाण केबल' असं एकक होतं. ठरावीक जाडीच्या तारेच्या एक मैल केबलमध्ये आवाज जेवढा कमी होतो तेवढा एक. चांगलं, हाताला लागणारं एकक होतं ते. अडचण एवढीच होती, की केबलमधली घट आवाजाच्या पट्टीप्रमाणे बदलते. म्हणून १९२०च्या दशकात लघुगणकावर आधारलेलं नवं एकक आलं. त्याला आधी 'ट्रान्समिशन युनिट' म्हणत, आणि १९२८पासून अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून डेसिबल. दहा डेसिबल म्हणजे दहापट, वीस म्हणजे शंभरपट, चाळीस म्हणजे दहा हजारपट. गुणाकार-भागाकार करायचं काम बेरीज-वजाबाकीवर आलं. अभियंत्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी मनोऱ्याचा सगळा जमाखर्च या बेरीज-वजाबाकीत मांडला. त्याला ते 'लिंक बजेट' म्हणतात, म्हणजे अंदाजपत्रकच. प्रक्षेपकाने एवढे जमा केले, हवेने एवढे खाल्ले, अँटेनाने एवढे मिळवून दिले, आणि शेवटी ग्राहक यंत्रापाशी एवढे उरले.

या अंदाजपत्रकाची शेवटची ओळ म्हणजे 'फेड मार्जिन'.

कल्पना साधी आहे. नेहमीच्या दिवशी ग्राहक यंत्रापाशी जेवढा सिग्नल येतो आणि काम चालण्यासाठी कमीत कमी जेवढा लागतो, त्यांच्यातला फरक म्हणजे मार्जिन. समजा हा फरक ४० डेसिबल आहे. म्हणजे हवेने सिग्नल दहा हजारपट कमी केला तरी लिंक चालते. आपल्या घरातल्या गंगाजळीसारखंच हे. पगार थांबला तर किती महिने निघतील, तेवढी ताकद. ॲनालॉग काळात ही कल्पना चोख चालली. सिग्नल उतरत गेला की फोनवर खरखर वाढत जाई, आणि फारच उतरला की बोलणं बुडे. उपायही ठरलेला होता. मार्जिन वाढवा, म्हणजे अँटेना मोठा करा किंवा प्रक्षेपक जोरकस लावा.

इथे आपल्याला डिजिटलकडे वळावं लागतं.

१९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये काम करणाऱ्या ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याने आवाज आकड्यांत पाठवायची कल्पना मांडली आणि तिचं पेटंट घेतलं. हेच पल्स कोड मॉड्युलेशन, म्हणजे पीसीएम. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घ्यायचे आणि प्रत्येक नमुना आठ शून्य-एकांत लिहायचा. गुणाकार केला की ६४,००० येतात. 'चौसष्ट केबी' हा जो आकडा टेलिफोनच्या जगात सगळीकडे भेटतो, तो इथला. त्या शून्य-एकाला 'बिट' हे नाव जॉन ट्युकी यांनी दिलं, आणि १९४८मध्ये क्लॉड शॅनन यांच्या लेखाने ते जगभर नेलं. रीव्ह्जच्या काळात हे व्हॉल्व्हवर करणं परवडणारं नव्हतं. ट्रान्झिस्टर आल्यावर, १९६२मध्ये, अमेरिकेत ते व्यवहारात उतरलं. आपल्याकडे पहिली पीसीएम यंत्रणा १९७५मध्ये मुंबई शहर आणि अंधेरी या टेलिफोन केंद्रांमध्ये बसली, आणि पुढच्या वर्षी डिजिटल मायक्रोवेव्हही आला.

पीसीएमचं खरं बळ 'रिपीटर' या शब्दात दडलेलं होतं. ॲनालॉग रिपीटर आलेला सिग्नल जसाच्या तसा मोठा करतो, त्यातल्या खरखरीसकट. शंभर मनोरे ओलांडले की शंभर मनोऱ्यांची खरखर साठते. जुन्या पोथ्यांच्या नकलांसारखं आहे हे. वाचता न येणारा नकलकार डागासकट अक्षर गिरवतो, आणि दहाव्या नकलेत डाग कुठला आणि काना कुठला हे कळेनासं होतं. डिजिटल रिपीटर हा वाचता येणारा नकलकार आहे. हे शून्य आहे की एक, एवढंच तो ओळखतो आणि कोऱ्या कागदावर स्वच्छ नवं अक्षर लिहितो. म्हणून त्याला 'रीजनरेटर' असा नवा शब्द मिळाला. इथे शब्द बदलला आणि बरं झालं, कारण कामच बदललं होतं.

फेड मार्जिनचा शब्द मात्र बदलला नाही. १९७०च्या दशकात मोठ्या क्षमतेचे डिजिटल रेडिओ बसू लागले, आणि त्यांचं अंदाजपत्रक जुन्याच रीतीने मांडलं गेलं. ४० डेसिबल मार्जिन आहे, म्हणजे काळजी नाही. प्रत्यक्षात लिंक हिशोबापेक्षा खूपच जास्त वेळा पडू लागल्या. त्याहून गोंधळाची गोष्ट ही होती, की पडताना सिग्नलची पातळी पुष्कळदा भरपूर असायची. मीटर ठीक दाखवतोय, मार्जिन शिल्लक आहे, आणि तरी बिटांचा चुराडा.

कारण असं होतं. शांत, वारा पडलेल्या रात्री हवेचे थर बनतात. झोताचा एक भाग सरळ येतो, दुसरा थरावरून वाकून किंचित उशिरा येतो. दोन्ही मिळून काही वारंवारितांवर एकमेकांना खोडतात. त्यामुळे पट्ट्याच्या मध्येच एखादा खोल खड्डा पडतो, त्याला 'नॉच' म्हणतात. पट्ट्याची एकूण शक्ती फारशी कमी झालेली नसते, म्हणून मीटर समाधानी असतो. डिजिटल सिग्नलचं नुकसान वेगळ्याच ठिकाणी होतं. मागच्या संकेताचा प्रतिध्वनी पुढच्या संकेतावर सांडतो. मोठ्या रिकाम्या सभागृहात भरभर बोलणाऱ्याचं जसं काहीच कळत नाही, तसंच. आवाज मोठा आहे, अडचण आवाजाची नाहीच.

बेल प्रयोगशाळेतल्या विल्यम रमलर यांनी जॉर्जिया राज्यातल्या ॲटलांटाजवळच्या सुमारे ४२ किलोमीटरच्या, ६ गिगाहर्ट्झच्या टप्प्यावरची मोजमापं घेऊन १९७९मध्ये याचं एक सुटसुटीत गणिती प्रारूप मांडलं. त्यात दोन किरणांमधला उशीर ६.३ नॅनोसेकंद धरला आहे. तेवढ्या वेळात लहर दोन मीटरसुद्धा जात नाही. चाळीस किलोमीटरच्या वाटेवर दोन मीटरचा फेर! पण सेकंदाला तीन कोटी संकेत पाठवणाऱ्या रेडिओसाठी एक संकेत साधारण ३३ नॅनोसेकंदांचा असतो. त्याचा पाचवा हिस्सा शेजाऱ्याच्या घरात घुसला, तर भांडण होणारच.

आता शब्दाकडे परत येऊ. जुना 'फेड मार्जिन' फोडावा लागला. सगळा पट्टा सारखाच खाली जातो त्या फेडिंगसाठीचा तो 'फ्लॅट फेड मार्जिन'. पट्ट्याचा आकार बिघडतो त्यासाठीचा तो 'डिस्पर्सिव्ह फेड मार्जिन'. आणि दोन्ही मिळून प्रत्यक्षात हाती लागतो तो 'कंपोझिट'. या फोडणीने काय साधलं, ते एका उदाहरणावरून बघा. समजा फ्लॅट मार्जिन ४० आहे आणि डिस्पर्सिव्ह ३५. दोन्ही कारणांनी लिंक पडण्याच्या शक्यतांची बेरीज केली, तर एकूण मार्जिन सुमारे ३४ येतं. आता प्रक्षेपकाची शक्ती दहापट करा, म्हणजे फ्लॅट मार्जिन ५० होईल. एकूण किती झालं? सुमारे ३५. दहापट वीज आणि तिच्यासोबतचा खर्च करून एक डेसिबल पदरात पडलं. जुना एकच शब्द वापरणाऱ्याला हे दिसूच शकत नव्हतं. त्याच्या शब्दात उपाय आधीच ठरलेला होता, शक्ती वाढवा.

खरे उपाय वेगळे होते. एक 'स्पेस डायव्हर्सिटी', म्हणजे मनोऱ्यावर काही मीटरच्या फरकाने दोन अँटेना लावायचे. एकाला खड्डा लागला तेव्हा दुसऱ्याला बहुधा लागत नाही. दुसरा 'ॲडॅप्टिव्ह इक्वलायझर'. सिग्नलचा बिघडलेला आकार ओळखून क्षणोक्षणी सुधारणारं हे मंडल रॉबर्ट लकी यांनी १९६०च्या दशकात टेलिफोन तारेवरच्या मोडेमसाठी सुचवलं होतं, ते इथे कामाला आलं. कोणता रेडिओ किती खोल खड्डा सहन करतो, याचा आलेख प्रत्येक बनावटीचा वेगळा येतो. त्या आलेखाला नाव पडलं 'सिग्नेचर', म्हणजे सही. हे नाव आम्हाला फार आवडतं. अमुक कंपनीचा रेडिओ किती सोसणारा आहे हे जाहिरातीपेक्षा त्याच्या सहीवरून कळतं.

आपल्याकडच्या देखभालीच्या लोकांनी हा फरक पुस्तकाविना भाषेत आणलेला आहे. पाऊस कोसळून सिग्नलच बसला तर ते म्हणतात, 'लिंक पडली.' आणि पहाटेच्या धुक्यात वरचा प्रकार घडला तर म्हणतात, 'लेव्हल आहे, पण एरर येतायत.' फ्लॅट आणि डिस्पर्सिव्ह यांची एवढी सोपी व्याख्या आम्हाला कुठल्या परिभाषाकोशात करता आली नसती. केंद्र सरकारचा वैज्ञानिक परिभाषेचा आयोग १९६१पासून काम करतो आहे, त्याने हिंदीत नॉइजसाठी 'रव' असा शब्द दिला. शब्द छोटा आहे, जोडशब्दांत सोयीचा आहे. पण मराठी कानाला रव म्हटलं की पाखरांचा कलरव आठवतो, ग्राहक यंत्रातली खरखर नाही.

पुढचे काही शब्द झटपट घेऊ. सेकंदाला किती संकेत, हे मोजायचं एकक 'बॉड'. ते फ्रेंच तारायंत्र अभियंता एमिल बोदो यांच्या नावावरून आलं. एका संकेतात एकच बिट असेपर्यंत बॉड आणि बिट यांच्यात घोळ नव्हता. पुढे एका संकेतात अनेक बिट कोंबायला सुरुवात झाली. लहरीची उंची आणि कला दोन्ही बदलून कागदावर ठिपक्यांची जाळी काढली, तर प्रत्येक ठिपका हा एक संकेत. सोळा ठिपके असतील तर संकेतामागे चार बिट, दोनशे छप्पन्न असतील तर आठ, ४०९६ असतील तर बारा. या जाळीला अभियंत्यांनी 'कॉन्स्टेलेशन' म्हटलं, म्हणजे तारकापुंज. ऑसिलोस्कोपच्या काळ्या पडद्यावर ते ठिपके खरोखरच ताऱ्यांसारखे दिसतात, आणि खरखर वाढली की लुकलुकतातही. पुंज दाट झाला की ठिपके जवळ येतात, आणि शेजारच्या ठिपक्याशी गल्लत व्हायला थोडीशी खरखर पुरते. क्षमता हवी असेल तर सोशीकपणा द्यावा लागतो. हा व्यवहार किती ताणता येईल त्याची हद्द शॅनन यांनी १९४८मध्येच आखून ठेवली होती.

'बँडविड्थ' या शब्दाचं तर काय सांगावं. मूळ अर्थ वारंवारितेच्या पट्ट्याची रुंदी, हर्ट्झमध्ये मोजायची. आता घराघरात तो बिटांच्या वेगासाठी वापरतात, आणि ऑफिसात 'सध्या माझी बँडविड्थ नाही' असंही ऐकू येतं. इथे आता तक्रार करून उपयोग नाही.

'प्लेसिओक्रोनस' हा जीभ अडखळवणारा शब्द मात्र प्रामाणिक आहे. ग्रीक 'प्लेसिओस' म्हणजे जवळचा. दोन केंद्रांची घड्याळं एकाच वेगाची असावीत असं ठरलेलं, पण प्रत्येकाचं घड्याळ वेगळं, त्यामुळे किंचित पुढे-मागे. दोन गावच्या देवळांतल्या घंटा एकाच वेळी वाजायला हव्यात, पण क्षणभर इकडे-तिकडे होतातच, तसं. असे चार प्रवाह एकत्र करायचे तर मोकळी जागा ठेवून अधूनमधून भरीचे बिट घालावे लागतात. म्हणून युरोपीय आणि आपल्या पद्धतीत २.०४८ मेगाबिटचे चार प्रवाह मिळून ८.१९२ होत नाहीत, ८.४४८ होतात. वरचा हिस्सा चौकट बांधायला आणि घड्याळं सांभाळून घ्यायला जातो. १९८८ नंतर सगळी घड्याळं एका मूळ घड्याळाला बांधणारी 'सिंक्रोनस' पद्धत आली.

शेवटचा शब्द, आणि तो वरवर सगळ्यात सोपा वाटतो. 'उपलब्ध'. लिंक उपलब्ध आहे की नाही? ९९.९९९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षातून सव्वापाच मिनिटं बंद, असं कंत्राटात लिहिलेलं असतं. पण बंद कशाला म्हणायचं? आंतरराष्ट्रीय शिफारशींनी १९८०पासून याचं उत्तर सेकंदांत दिलं. एखाद्या सेकंदात चुका फारच झाल्या, की तो 'गंभीर सदोष सेकंद'. असे सलग दहा सेकंद गेले, तरच लिंक अनुपलब्ध झाली असं धरायचं, आणि मोजणी त्या दहातल्या पहिल्या सेकंदापासून करायची. म्हणजे नऊ सेकंद बंद पडून सावरणारी आणि रात्रभर हेच करत राहणारी लिंक या व्याख्येने एकदाही अनुपलब्ध नसते. तिचा हिशोब वेगळ्या वहीत होतो. हवेच्या थरांचं फेडिंग बहुधा सेकंदांचं असतं, ते सदोष सेकंदांच्या वहीत जातं. पावसाचं मिनिटांचं असतं, ते अनुपलब्धतेच्या वहीत. मोबाईलच्या मनोऱ्यांना जोडणारे १५, १८, २३ गिगाहर्ट्झचे आखूड टप्पे वापरात आले, तेव्हा कोकणासारख्या मुलखात ही दुसरी वहीच जाड होणार हे उघड होतं. २३ गिगाहर्ट्झची लहर १३ मिलिमीटरची, आणि टपोरा थेंब तिच्यापुढे अगदीच नगण्य राहत नाही.

आणि आता या शब्दाखालचीही जमीन सरकते आहे. नवे रेडिओ पाऊस वाढला की पडत नाहीत, आपला तारकापुंज विरळ करतात. ४०९६ ठिपक्यांवरून चारवर येतात, म्हणजे संकेतामागे बारा बिटांऐवजी दोनच. लिंक चालू राहते, पण वेग साधारण सहावा हिस्सा. जुलैमधल्या एखाद्या संध्याकाळी अशा लिंकच्या टोकाला असलेल्या गावात फोन लागतो, पैसे पाठवायचं ॲप मात्र गोल गोल फिरत राहतं. केंद्रातल्या नोंदीत त्या तासापुढे 'उपलब्ध' असं लिहिलेलं असतं. काही कंत्राटांत आता उपलब्धतेबरोबर किमान वेगही लिहून घेतात, आणि वेगाच्या प्रत्येक पायरीसाठी टक्केवारी वेगळी मागतात. म्हणजे फेड मार्जिनसारखाच हा शब्दही फोडायला घेतलेला आहे.

इथे थांबू. प्रश्न असतील तर आता घेऊ.